गाडी दारात होती

मी बरी कशी झाले असं लोक विचारतात. देवाची कृपा, डॉक्टरांचा हातगुण, घरच्यांची सेवा, असं काहीतरी ऐकायची त्यांची तयारी असते. मी खरं तेच सांगते. मी रागानं बरी झाले. सख्ख्या भावाला चार माणसांत उघडं पाडायचं, एवढ्या एका हेतूनं मी पुन्हा बोलायला शिकले. ज्यांच्या घरात लकवा झालेलं माणूस आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डाव्या हातानं लिहिते, म्हणून लांबण लावणार नाही. गोड काही वाचायचं असेल तर दुसरं कुणाचं तरी वाचा.

मी सुशीला. सगळा जन्म मराठी शाळेत शिकवण्यात गेला. बीदरला मैलूरमध्ये माझं लहानसं घर आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा महेश पुण्यात नोकरीला. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता निवांत झोपू. पण झोप काही शाळेसारखी घंटा वाजवून येत नाही. पहाटे जाग यायची आणि दिवसाचं काय करायचं ते कळायचं नाही. महेश रविवारी फोन करायचा, 'आई, तब्येत जप,' म्हणायचा. कशासाठी जपायची, हे मी त्याला विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

पंचमी

नागपंचमीला मी माहेरी जाते. माहेर म्हणजे बसवकल्याण तालुक्यातलं कोहिनूर. तिथं थोरला भाऊ असतो. आम्ही त्याला अण्णा म्हणतो, गावही अण्णाच म्हणतं. शेती बरी, शब्दाला वजन, आणि दारात एक जीप. वैनी म्हणजे त्याची बायको. तिच्या शब्दाला वजन नव्हतं, निदान तेव्हा नव्हतं.

सकाळी मी चुलीपुढं चहा घेत बसले होते. हातातून कप पडला. मी उचलायला गेले तर उजवा हात जागचा हलेना. वैनीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. मला म्हणायचं होतं, दवाखाना. तोंडातून निघालं, "खडू."

"काय?"

"खडू," मी पुन्हा म्हणाले. आपण भलतंच बोलतोय हे मला स्वच्छ ऐकू येत होतं. त्यासारखी भीती नाही.

वैनी ओरडली, "अवं, गाडी काढा! गुलबर्ग्याला नेऊ!"

अण्णा आत आला. मला पाहिलं, डोक्यावरून हात फिरवला. "लकवा हाय ह्यो," तो म्हणाला. "दवाखान्यात सुया टोचून मारतेत. अप्पाला कुणी बरं केलं? पारव्याच्या रक्तानं. दारं-खिडक्या लाव, वारं लागू देऊ नको. म्या आलोच."

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे. लकवा मारला की रानपारवा कापायचा, त्याचं ऊन रक्त लुळ्या अंगाला चोळायचं आणि घोंगडीत गुंडाळून ठेवायचं. अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, एकदा असाच झटका आला होता आणि ते आपसूक सुधारले होते. तेव्हापासून अण्णा गावचा पारव्यांचा वैद्य झाला होता.

पारवे गावाबाहेरच्या विहिरीच्या कपारीत असतात. अण्णानं जीप काढली, विहिरीवर गेला, त्या वयात पायऱ्या उतरून पारवे धरले आणि त्याच जीपमधून घेऊन आला. मी घोंगडीत पडून जीपचा आवाज जाताना ऐकला आणि येतानाही ऐकला. चौथीच्या पोरांना मेंदू, हृदय, रक्तवाहिन्या शिकवणारी मी, अंगावर पारव्याचं रक्त चोळून घेत होते आणि 'खडू, खडू' म्हणत होते.

"भरम व्हायलाय तिला," अण्णा म्हणाला.

ऊन कलल्यावर महेशचा फोन आला. वैनीनं उचलला आणि रडत सगळं सांगून टाकलं, फक्त पारवे सोडून. महेश इतका ओरडला की मलाही ऐकू आलं. मग वैनीनं पदर खोचला, ओल्या फडक्यानं माझी मान, हात पुसले आणि अण्णाला म्हणाली, "आता न्हाई नेलं तर म्या रस्त्यावर जाऊन बोंब मारीन." तेव्हा कुठं जीप गुलबर्ग्याकडं निघाली.

खोटं

डॉक्टर तरुण होता. त्यानं कन्नडमध्ये विचारलं, कधी झालं? अण्णा म्हणाला, सकाळी. डॉक्टरनं वर पाहिलं. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं, तो म्हणाला, आता ती वेळ गेली. इतका उशीर का केलात?

अण्णा थांबला. मी त्याच्याकडंच पाहत होते. तो एक शब्द खरा बोलला असता तर मी त्याला तिथंच माफ केलं असतं. अडाणीपणाला मी आयुष्यभर माफ करत आले, तीच माझी नोकरी होती.

"गाडी सुरूच होईना, साहेब," अण्णा म्हणाला. "न्हाईतर उडत आणलं असतं."

डॉक्टरनं मान हलवली. त्या क्षणापासून मला जगायचं कारण मिळालं.

वॉर्ड

इस्पितळातले दिवस सगळे सारखेच. नाकात नळी. कूस बदलायला दुसरं माणूस लागतं, लघवीला दुसरं माणूस लागतं. ज्या बाईपुढं पोरं चळाचळा कापायची, तिच्या अंगावरची चादर कुणीही येऊन वर करून जातं. रडू आलं तर तेही अर्ध्याच तोंडानं येतं. हे सगळं सोसवतं, असं मी म्हणणार नाही. सवय होते, एवढंच.

बऱ्या गोष्टीही होत्या. वैनी रोज केस विंचरायची. नळी काढल्यावर तिनं चमच्यानं पहिल्यांदा चहा दिला, तेव्हा अर्धा हनुवटीवरून ओघळला, पण उरलेला अर्धा गोड लागला.

भेटायला माणसं यायची आणि अण्णा दारातच त्यांना गाठायचा. "ऐन टायमाला गाडीनं दगा दिला बघा," तो सांगायचा आणि डोळे पुसायचा. डोळे खरे असायचे, गोष्ट खोटी. माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवून जायची. महेश पुण्याहून आला, मामाच्या गळ्यात पडून रडला. "मामा, तुम्ही नसता तर आई गेली असती." मी खाटेवर पडून ते ऐकत होते. आयुष्यात मी कुणाचा एवढा द्वेष केला नव्हता.

मरणाची भीती मला वाटली नाही. जन्मभर गप्प बसून हे ऐकावं लागेल, याची वाटली.

पहिला शब्द

महेश मला पुण्याला न्यायला तयार होता, पण दोन खोल्यांचं घर, नवरा-बायको दोघं कामावर. अण्णा म्हणाला, "माझी भैन हाय, म्या सांभाळीन." सगळ्यांनी पुन्हा त्याचं कौतुक केलं. म्हणजे ज्यानं हात घालवला, त्याच्याच हातचा घास. तो माझे पाय चोळायचा, पेज भरवायचा, खांद्याला धरून अंगणात चालवायचा. आणि बोलण्याच्या उपचारांसाठी मला बीदरला न्यायचा, त्याच जीपमधून. गाडी एकदाही बंद पडली नाही.

शिकवणारी मुलगी शाहीन. दखनी बोलायची, हसरी. तिनं पहिल्या दिवशी चित्रं मांडली. गाय, घर, फूल, गाडी. "अम्मा, जो पसंद है वो दिखाओ. डरो नक्को." मी गाडीवर बोट ठेवलं. तिला वाटलं मला घरी जायचंय. रोज मी गाडीवरच बोट ठेवायची. शेवटी ती म्हणाली, "अच्छा अम्मा, गाडीच सीखते."

पण पहिला शब्द गाडी नव्हता. गणपतीच्या सुमारास अण्णा पेज भरवत होता आणि त्यानं ती ऊन ऊन तोंडात घातली. माझ्या तोंडातून घंटेसारखं स्वच्छ बाहेर पडलं, "मुडद्या!"

घरात आनंदीआनंद झाला. अण्णा अंगणात धावत गेला. "शिवी दिली! सुशीनं मला शिवी दिली! बरी व्हायलीय!" त्यानं पेढे आणून गल्लीत वाटले. शिव्या मेंदूत वेगळ्या जागी असतात, त्या आधी परत येतात, असं शाहीन नंतर म्हणाली. ते असेल तसं असो. पण ज्याला शिवी द्यावी त्यानंच पेढे वाटावेत, याहून मोठी हार मला माहीत नाही.

मग मी नेटानं लागले. मला दोनच वाक्यं हवी होती. 'गाडी चालू होती. तू तिच्यातून पारवे आणलेस.' जीपमध्ये अण्णाच्या शेजारी बसून मी ओठांतल्या ओठांत तीच घोकायची. त्याला वाटायचं मी देवाचं नाव घेते. 'गाडी' दसऱ्यापर्यंत जमलं. 'पारवे'नं जीव घेतला. प म्हणायला ओठ मिटावे लागतात आणि माझे उजवीकडचे ओठ मिटतच नव्हते. मी बोटानं धरून मिटायची. हात उचलायचा, पाय टाकायचा कंटाळा आला की डॉक्टरांची लेक्चरं उपयोगाला येत नसत. अण्णाचा ओशाळा चेहरा डोळ्यांपुढं आणायची आणि आणखी एक फेरी मारायची. लकवा झालेल्यांना मी हेच सांगते, काहीतरी करायचं राहिलंय असं धरून ठेवा. चांगलं कारण सापडलं नाही तर वाईट धरा. पाय दोन्हींवर चालतात.

एक दिवस वैनी केस विंचरताना हळूच म्हणाली, "मला ठावं हाय तू काय घोकायलीस."

मी मान वळवून पाहिलं.

"बोल तू. तुझा हक हाय. पर म्या न्हाई बोलणार, सुशे. तू उद्या मैलूरला जाशील. मला ह्याच घरात ऱ्हायचंय." तिनं वेणी घट्ट आवळली. "येळवशीला बोल. सगळी भावकी असती."

येळवस

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. थंडीत, ज्वारी हिरवीगार असताना, सगळं कुटुंब रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजतात, आंबील शेतात शिंपडतात. मग ताटात पालेभाज्या-डाळींची घट्ट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर. ज्याला बोलवाल तो येतो, न बोलावताही येतो. बीदर ओस पडतं त्या दिवशी. महेशही बायकोला घेऊन आला होता.

मला कोपीपाशी खुर्चीवर बसवलं. पंगत बसली. अण्णा मडक्यातून प्रत्येकाला आंबील वाढत फिरत होता. आमचा एक चुलत भाऊ मोठ्यानं म्हणाला, "काय पण म्हणा, अण्णानं भैनीला यमाच्या दारातून माघारी आणलं. आज ती आपल्यात बसलीय."

मी काठी टेकून उठले. सगळे माझ्याकडं वळले. बाई आभार मानणार, असं त्यांना वाटलं असावं. महेशनं मोबाइल काढून माझ्यावर धरला.

"गाडी," मी म्हणाले. मग बराच वेळ काहीच आलं नाही. भज्जीवर साय धरली, पण कुणी घास उचलला नाही. "गाडी चालू... होती. दारात होती."

अण्णाचा हात मडक्यातच राहिला.

"तू... तिच्यातून..." मी डाव्या हातानं ओठ मिटून धरले. "पारवे आणलेस."

मग अण्णा सगळ्यांकडं वळला आणि कीव आल्यासारखं हसला. "डोक्याला मार हाय तिच्या. काय बी आठवतंय. मनाला लावून घेऊ नका."

मला हे सुचलंच नव्हतं. इतके महिने मी वाक्य तयार केलं, पण तो मलाच खोटी पाडेल याची तयारी केली नव्हती. पुढचं एकही अक्षर माझ्यापाशी नव्हतं. महेशनं मोबाइल खाली घेतला. "आई, बस," तो म्हणाला, लहान पोराला सांगावं तसं.

वैनी उंडे वाढत होती. तिनं परात खाली ठेवली.

"गाडीत पिसं होती," ती म्हणाली. "मागच्या शिटावर. गुलबर्ग्याहून आल्यावर म्याच झाडली."

"तू गप ऱ्हा," अण्णा म्हणाला.

"लई गप राह्यले. तिला हात हाय का बघा. खडू धरायची ती त्या हातानं."

अण्णा मडक्यापाशी मटकन बसला. त्याचा चेहरा मी जसा डोळ्यांपुढं आणायची तसाच झाला, किंबहुना जरा जास्तच. महेश उठला आणि त्याच्याकडं न पाहता माझ्यामागं येऊन उभा राहिला.

इथं मला वाईट वाटलं असं लिहायला हवं. नाही वाटलं. मी खाली बसले आणि पोटभर जेवले, खीर मागून घेतली.

दुसरा दिवस

वाईट दुसऱ्या दिवशी वाटलं, पण अण्णासाठी नाही. सकाळी डोळे उघडले आणि घोकायला काही नव्हतं. अंगणात फेरी मारायला मी उठलेच नाही. महेश पुण्याला निघाला, 'आई, चल,' म्हणाला, मी भिंतीकडं तोंड केलं. आजार झाला होता तेव्हाही मी अशी पडून नव्हते. सूड घेऊन झालेलं माणूस निवृत्त माणसासारखंच असतं, हे मला तेव्हा कळलं.

अण्णा बाहेरच्या खोलीत झोपायचा. कुणाशी बोलायचा नाही. मला पेज आणून ठेवायचा आणि मान खाली घालून जायचा.

संक्रांतीनंतर एका सकाळी त्याचा फोन वाजला. चिटगुप्प्याहून वैनीच्या मावसभावाचा मुलगा बोलत होता. आवाज मोठा, मला खाटेवर ऐकू येत होता. "मामा, आमच्या अप्पाचं तोंड वाकडं झालंय. हात उचलंना. पारवे कुठं गावतील? तुम्हाला म्हाईत असंल."

अण्णानं फोन कानाला तसाच धरला आणि माझ्याकडं पाहिलं. मी काठी न घेता भिंतीला धरून त्याच्यापर्यंत गेले.

"सांग," मी म्हणाले.

"दवाखान्यात न्ह्या," अण्णा म्हणाला. "आत्ता. बीदरला."

"पर तुम्हीच तर मागं..."

"सगळं सांग," मी म्हणाले.

अण्णानं फोन दोन्ही हातांनी धरला. "आरं बाबा, म्या भैनीचा हात घालवला. गाडी दारात होती, चालू होती, अन् म्या पारवे धरत बसलो. वर लोकाला खोटं सांगितलं. पारव्यानं काय होत न्हाई. गाडी काढ, हितं फोनवर टाइम घालवू नको."

ते निघाले. वेळेत पोचले. माणूस वाचला, आणि थोड्याच दिवसांत आमच्या दारात चालत आला. दोन्ही पायांनी आला, दोन्ही हात जोडले, आणि कुणापुढं जोडले? अण्णापुढं! "तुमच्यामुळं जीव वाचला," म्हणाला. मी शेजारी बसून त्याचा उजवा हात पाहत होते. पाची बोटं हलत होती. मला आनंद झाला आणि त्याच हातानं अण्णाच्या थोबाडीत द्यावी असंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

तो गेल्यावर मी अण्णाला म्हणाले, "उद्या... बाजार कुठला?"

आता

आता आम्ही बाजाराच्या दिवशी गावं फिरतो. अण्णा पारावर उभा राहतो आणि सांगतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर पारवा नको, घोंगडी नको, वाट बघणं नको, गाडी करा आणि दवाखाना गाठा. मग आपली गोष्ट सांगतो. मी समोर खुर्चीवर बसते. त्यानं काही गाळलं तर काठी आपटते. सुरुवातीला तो गाडीचं हटकून गाळायचा. आता गाळत नाही, पण मी बसते. लोक म्हणतात, म्हाताऱ्या भावा-बहिणीचं किती प्रेम. म्हणू देत.

मी मैलूरला परत गेले नाही. पहाटे जाग येते तेव्हा आज कुठलं गाव हे ठाऊक असतं. महेश आता मधल्या वारीही फोन करतो आणि आधी विचारतो, "आज मामा नीट बोलला का?" वैनी घरी दार लावून आमच्याबरोबर येते, अण्णाला न विचारता.

परवा चिटगुप्प्याच्या बाजारातून येत होतो. गर्दी बरीच जमली होती आणि एका म्हातारीनं अण्णाला सगळ्यांदेखत चांगलंच झापलं होतं. वैनी मागं झोपली होती. अण्णा गाडी चालवत होता.

"सुशे," तो म्हणाला, "कवर सांगायचं ह्ये?"

"मी मरेपर्यंत."

"अन् म्याच आधी मेलो तर?"

"मरायचं न्हाई," मी म्हणाले. पुढचं जुळवायला मला वेळ लागला. त्यानं गाडी हळू केली आणि वाट पाहिली. "माझं... अजून... झालं न्हाई."